दोरिंदाचा उजवा गुडघा

दोरिंदा आणि मी अठरा वर्षं एका दोराला बांधलेल्या होतो. ती खाली, मी वर. स्पेनमधल्या गॅलिसियाच्या आमच्या किनाऱ्यावर पेर्सेबेस काढणाऱ्या बायका जोडीनंच खडकावर जातात. पेर्सेबेस म्हणजे बोटाएवढे, काळ्या कातडीचे, टोकाला नखं असल्यासारखे दिसणारे समुद्रजीव. लाट जिथे सगळ्यात जोरात फुटते, नेमके तिथेच ते खडकाला चिकटतात. एकीनं दोन लाटांच्या मधल्या वेळात उकिडवं बसून लोखंडी पात्यानं ते खरवडायचे, दुसरीनं वरून समुद्राकडे बघत राहायचं आणि मोठी लाट दिसली की ओरडायचं, "पाणी!" ओरडणं ऐकलं की खालचीनं उडी मारायची. विचार करायचा नाही.

दोरिंदा त्रेचाळीस वर्षांची, ठेंगणी, कमरेत रुंद बाई. रस्त्यानं चालायची तेव्हा बदक चालल्यासारखं वाटे. पण खडकावर उकिडवी बसलेली असताना हाक ऐकली की बसल्या जागेवरून हातभर उंच उडायची. "माझ्या मांड्यांत स्प्रिंगा आहेत," ती म्हणायची. तिचा नवरा आमारो त्यावर म्हणायचा, "मांड्यांत कमी, जिभेत जास्त."

नाताळच्या आधीच्या आठवड्यात तिचा पाय गेला. त्या दिवसांत भाव चढतात आणि माल काढायची सगळ्यांनाच घाई असते, समुद्र कसाही असो. मी ओरडले, तिनं उडी मारली, पण उजवं पाऊल खडकाच्या फटीत अडकलं होतं. लाटेनं अंग फिरवलं आणि पाऊल राहिलं तिथेच. मी दोर ओढून तिला वर घेतलं तेव्हा ती रडत नव्हती. "ओतिलिया, आत काहीतरी टचकन् तुटलं गं," एवढंच म्हणाली.

गुडघ्यातलं पुढचं लिगामेंट तुटलं होतं. फेब्रुवारीत शहरातल्या डॉक्टरांनी मांडीच्या मागच्या स्नायूची एक दोरी काढून तिथे नवीन लिगामेंट बसवलं. ऑपरेशन छान झालं, असं सगळेच म्हणाले. नवीन दोर घट्ट बसला होता. गुडघाच वाकायचं नाव घेईना.

आठवड्यातून तीनदा मी तिला गाडीनं तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचे. तिथला फिजिओथेरपिस्ट रोके, तिच्या भाच्याच्या वयाचा. तो तिला पालथं झोपवून पाय हळूहळू मागे वाकवायचा आणि कोनमापकासारखी लांब पट्टी गुडघ्याला लावून अंश मोजायचा. मार्चमध्ये साठ. एप्रिलमध्ये ऐंशी.

"मला किती लागतील?" तिनं विचारलं.

"खुर्चीत बसायला नव्वद पुरतात, बाई. जिना उतरायला थोडे जास्त."

"मी खुर्च्यांवर पेर्सेबेस काढत नाही रे. उकिडवं बसायला किती लागतील ते सांग."

रोके पट्टीकडे बघत म्हणाला, "एकशे तीस तरी."

त्या दिवसापासून ती घरी स्वतःच्या गुडघ्याच्या मागेच लागली. टाचेखाली प्लास्टिकची पिशवी घेऊन फरशीवर टाच सरकवायची. आमारोचा कातडी पट्टा घोट्याला अडकवून पाय ओढायची. एकदा मी गेले तर ती पलंगावर पालथी पडून होती आणि आमारो तिचा पाय दाबत घामाघूम झाला होता.

"दाब म्हणते ना!"

"अगं बाई, तू ओरडतेयस!"

"ओरडू दे मला. तू कानात बोळे घाल आणि दाब."

दुसऱ्या दिवशी गुडघा कलिंगडासारखा सुजला. रोके चिडला. "आत जखमेचे वण धरलेत. जोर केलात की सूज येते, सूज आली की आणखी वण धरतात. हे दार नाही लाथ मारून उघडायला!"

"मग कसं उघडू?" तिनं विचारलं. रोकेनं बर्फाची पिशवी काढून तिच्या गुडघ्यावर ठेवली.

जूनमध्ये डॉक्टरांनी पुन्हा भूल दिली, आतले वण कापले आणि गुडघा टेबलावरच वाकवला. एकशे पंचवीसपर्यंत गेला. शुद्धीवर आल्यावर दोरिंदानं तो आकडा ऐकला आणि आमारोचा गालगुच्चा घेतला. आम्ही तिघांनी इस्पितळाच्या कँटीनमध्ये बदामाचा केक खाल्ला. नाताळपर्यंत खडकावर, असं तिनं जाहीरच करून टाकलं.

आठवड्यानं रोकेनं पट्टी लावली. एकशे अठरा. त्याच्या पुढच्या आठवड्यात एकशे दहा. ती रोज तासन् तास व्यायाम करत होती, एक दिवस चुकवत नव्हती, आणि गुडघा रोज थोडा थोडा आखडत होता. ऑगस्टमध्ये तो एकशे चारवर थांबला.

सप्टेंबरच्या मोठ्या ओहोटीला समुद्र तळ्यासारखा शांत होता. ती पहाटेच माझ्या दारात उभी, अंगात रबरी पोशाख.

"फक्त खालच्या सपाट खडकापर्यंत," ती म्हणाली. "बघू तर दे."

मी नको म्हणायला हवं होतं. म्हणाले नाही.

पायवाट ती आडवी होऊन उतरली, एकेक पाय टाकत. सपाट खडकावर पोचल्यावर तिनं उकिडवं बसायचा प्रयत्न केला. डावा गुडघा वाकला, उजवा मधेच थांबला आणि ती कलंडली. मग तिनं बसकण मारली, उजवा पाय लहान मुलीसारखा समोर पसरला आणि हात लांबवून खरवडू लागली. मूठभर माल निघाला. तेवढ्यात एक लाट आली, लहानशीच, पोटरीएवढी. मी ओरडले. दोरिंदानं दोन्ही हात खडकावर टेकले, ढुंगण उचललं, पुन्हा खाली बसली. पाणी तिच्या मांडीवरून गेलं आणि ती तिथेच बसून राहिली, हातात पातं धरून.

मी उतरून तिला काखेत धरून उठवलं. आम्ही वर येऊन गवतावर बसलो. इतके महिने जे सांगितलं नव्हतं ते तेव्हा माझ्या तोंडून निघालं.

"नाताळच्या आधी, त्या दिवशी मी उशिरा ओरडले होते. नाक पुसायला मान वळवली होती."

"माहीत आहे," ती म्हणाली. "तू नेहमीच नाक पुसतेस."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून गुडघा वाकला असता का?" पातं गवतावर पुसत ती म्हणाली, "आज तू वेळेवर ओरडलीस, ओतिलिया. मला नीट ऐकू आलं."

ऑक्टोबरात पेर्सेबेस काढायच्या परवान्यासाठी वैद्यकीय तपासणी असते. डॉक्टर बायकांना एकेक करून आत बोलावतात, उकिडवं बसून हात न टेकता उठायला सांगतात. आम्ही सगळ्या बाहेरच्या बाकावर होतो. दोरिंदा दोन मिनिटांत बाहेर आली. मच्छीमार संघाचा अध्यक्ष इशिनियो तिच्यामागून आला. तो तिच्याबरोबर शाळेत होता.

"पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर, दोरिंदा."

"तोवर मला नवीन पाय फुटेल होय रे?"

कोणीतरी हसलं. तिचा परवाना प्रतीक्षायादीतल्या पुढच्या मुलीला गेला. ती मुलगी आता माझ्या दोराला असते. चांगली आहे. दोरिंदासारखी नाही.

रोकेनं शेवटची पट्टी लावली ती नोव्हेंबरात, मृतांच्या सणानंतर. यापुढे फरक पडेल असं वाटत नाही, हे सांगताना त्याचे डोळे भरून आले आणि दोरिंदालाच त्याची पाठ थोपटावी लागली.

आता ती शिंपले डबाबंद करणाऱ्या कारखान्यात जाते. तिथे बायका बुटक्या स्टुलांवर बसून शिंपले सोलतात. तिचा पाय टेबलाखाली मावत नाही, म्हणून ती आठ तास उभ्यानं काम करते. चर्चमध्ये सगळे गुडघे टेकतात तेव्हा ती मागे, म्हाताऱ्या पुरुषांच्या रांगेत उभी असते. संध्याकाळी गुडघा सुजतो. व्यायाम तिनं सोडलाय. मी एकदा आठवण केली तर म्हणाली, "तू कर माझ्या वाटणीचा."

गेल्या महिन्यात आमारोनं त्यांचा पलंग माडीवरून खालच्या खोलीत आणला. मी मदतीला गेले होते. तो भिंतीत कपड्यांसाठी खुंट्या ठोकत होता.

"तात्पुरतं आहे गं," तो तिला म्हणाला. "हिवाळ्यापुरतं."

"तात्पुरतं आहे तर खिळे एवढे लांब कशाला घेतलेस?"

आमारोनं हातोडी खाली ठेवली. दोरिंदानं खुर्ची ओढली, उजवा पाय पुढे पसरून बसली आणि एकेक खिळा त्याच्या हातात देऊ लागली.