कार्ड बंद पडायच्या आधी

नोकरी सोडून घरी आलो तेव्हा मी लढाई जिंकल्यासारखा चालत होतो. चंद्रपूरजवळच्या एका सिमेंट कारखान्यात मी ठेकेदाराकडे काट्यावर होतो, ट्रकांचं वजन करायचो. ठेकेदाराच्या साळ्यानं चार लोकांसमोर आईवरून शिवी दिली आणि माझं डोस्कं सटकलं. "ठेव तुही नोकरी तुह्याजवळ," म्हटलं, चपला घातल्या आणि संध्याकाळच्या एसटीनं चामोर्शीकडच्या आमच्या गावी आलो. ऐन उन्हाळा होता.

बायको तांदूळ निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, शिवीसुद्धा, आणि एकच विचारलं, "अन् पोरीचं कार्ड?"

नोकरीसोबत विम्याचं कार्डही जातं, हे रागाच्या भरात माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

आमच्या एकुलत्या एक पोरीला सिकलसेल आहे. रक्ताचा आजार. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, नसांमध्ये अडकतात, आणि मग हाडन् हाड दुखतं. थंडीत तर फारच. आमच्या भागात हा आजार पुष्कळ घरांत आहे आणि तितक्याच घरांत झाकलेला आहे. माझ्या पगारातून कामगार विम्याची कपात व्हायची, म्हणून तिचा इलाज चंद्रपूरला फुकट चालायचा. रोजच्या कॅप्सूल, तपासण्या, लागलंच तर रक्त. ती महिन्यातून एकदा माझ्याकडे यायची, आणि गावाला वाटायचं पोरगी बापाला भेटायला जाते. कोणी विचारलंच तर आम्ही म्हणायचो, तिले वात आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. सिकलची पोरगी कोण करणार?

दुसऱ्याच दिवशी विम्याच्या दवाखान्यात गेलो. खिडकीतल्या बाबूनं मान वर न करता सांगितलं, "जुन्या कपातीवर डिसेंबरपर्यंत चालून जाईल. मंग बंद."

"बंद म्हंजे?"

"बंद म्हंजे बंद, भाऊ."

त्याची गचांडी धरावी असं वाटलं. पण त्या बिचाऱ्याचा काय दोष? कुऱ्हाड मीच पायावर मारून घेतली होती. दोन-तीन ठेकेदारांकडे जाऊन आलो. सगळ्यांना माझी कहाणी आधीच कळलेली. एक तर हसूनच म्हणाला, "तुमचा राग आमाले परवडत नाई, भाऊ."

धानाची रोवणी आली, गेली. लोक पाऊस मोजत होते, मी महिने मोजत होतो. पोरगी हसली की मला डिसेंबर आठवायचा. ती जरा वाकून पाय चोळताना दिसली की मी डबीतल्या कॅप्सूल मोजायला उठायचो.

चामोर्शीच्या बाजारात एक विमा एजंट बसतो. त्याच्याकडे गेलो. त्यानं चहा पाजला, कागद काढला. मी विचारलं, "आजार आहे का, असं लिहिलं आहे इथी. काय लिहू?"

"काई नाई लिहायचं जी. कोन पाहाते?"

"अन् दवाखान्यात रक्त तपासलं, तवा?"

"ते मंग पाहू न."

"अन् खरं लिहिलं त?"

"मंग कंपनी घेनारच नाई."

वा रे वा! खोटं लिहा तर वेळेवर हात वर, खरं लिहा तर दारातूनच माघारी. म्हणजे ज्याला काही झालेलं नाही त्यालाच विमा. मी चहा अर्धा ठेवून उठलो.

आता राहिला सरकारी दवाखाना. गावात घरोघरी आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाबाईंना मी आडून विचारलं, ओळखीच्या एका पोरीसाठी म्हणून. त्या म्हणाल्या, "त्यात कायचं टेन्शन, भाऊ? कॅप्सूल फुकट, रक्त फुकट. सर्टिफिकेट भेटते, एसटीत सवलत भेटते. उपकेंद्रात नाव लिहा फक्त. मंग मी महिन्याच्या महिन्याले घरी येऊन पाहून जाईन."

"घरी?"

"हौ, घरीच त. नाई त कुठी?"

आमच्या गल्लीत कोणाच्या घरी वरण लागलं तर वास यायच्या आधी बातमी येते. आशाबाई दर महिन्याला दारात म्हणजे दवंडीच. आणि नेमकं त्याच वेळी वडसाकडचं एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगा राईस मिलमध्ये कामाला, माणसं चांगली. दिवाळीनंतर आमच्या गावची मंडई भरते. दिवसा जत्रा, रात्री नाटक, घरोघरी पाहुणे. त्या गर्दीत पोरी पाहून घ्यायची आमच्याकडची जुनी रीत. ते म्हणाले, मंडईला येतो.

बायको म्हणाली, "लगन होऊ द्या. मंग सांगू तिकडे हळूच."

मला ते पटलं नाही आणि मी तिला अडवलंही नाही. भीती माणसाला मुकं करते, दुसरं काय! उलट मी चोरून हिशेब मांडला, की कॅप्सूल एक दिवसाआड दिली तर जानेवारी निघेल. पोरीच्या ते लगेच लक्षात आलं.

"बाबा, हे काय गोडं तेल आहे, पुरवून पुरवून वापराले?"

मी डबी परत तिच्या हाती दिली.

मंडईच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं होतं. वडसाचे लोक दुपारी यायचे होते. बायको वडे तळत होती, मी अंगणात खुर्च्या मांडत होतो. सकाळपासून पोरगी कुठं दिसत नव्हती. आली ती आशाबाईंना सोबत घेऊनच.

"बाबा, नाव लिहून आली मी."

"कशाचं नाव वं?" माझ्या साळीनं विचारलं.

"सिकलचं," पोरगी म्हणाली. बाजारातून मेथी आणली, असं सांगावं तशी.

तासाभरात वडसाचा फोन आला. घरी कोणाची तरी तब्येत बरी नाही, पुढच्या साली पाहू. इतक्या लवकर बातमी कोणी पोचवली देव जाणे. मी पोरीला कोपऱ्यात घेतलं. "अक्कल गहाण ठेवली काय? अजून दोन महिने थांबता आलं नसतं?"

ती माझ्यावरच गेली आहे. माझ्यापेक्षा मोठ्यानं म्हणाली, "अन् कार्ड बंद झाल्यावर काय केलं असतं? सासरी गोळी लपवून खाल्ली असती? नाई भेटली असती त लपवून मेली असती?"

मी चार दिवस तिच्याशी बोललो नाही. पण कॅप्सूल घरी आल्या, डिसेंबर संपला, विम्याचं कार्ड बंद पडलं, आणि तरी डबी रिकामी झाली नाही. पहिल्यांदा मला पोटभर झोप लागली.

जानेवारीत थंडी पडली आणि तिचं दुखणं उठलंच. औषध घेतलं तरी कधी कधी उठतं. आधी असं झालं की आम्ही दार लावून घ्यायचो. ती भिंतीकडे तोंड करून पडायची, गोधडीचं टोक दातात धरायची, आणि मी डोक्यावर हात ठेवून म्हणायचो, हळू पोरी, लोक ऐकतील. त्या सकाळी दार सताड उघडं होतं. आशाबाईंनी दवाखान्याची गाडी बोलावली होती. शेजारीण गरम पाण्याची पिशवी घेऊन धावत आली आणि तिनं पोरीचं डोकं मांडीवर घेतलं.

आणि पोरगी ओरडली. "माय वं! बाबा! मेली वं माय!" गल्लीच्या टोकावरची माणसं कामं टाकून आली. असा आवाज मी कारखान्यात माणूस मशीनच्या पट्ट्यात सापडला तेव्हा ऐकला होता, त्यानंतर कधीच नाही. एवढं दुखत होतं तिला, आणि इतकी वर्षं आम्ही नवरा-बायको एकमेकांना सांगायचो, पोरगी मोठी सोशिक आहे.