शिट्ट्यांची फायनल

मस्कतला फिटर असलेल्या महेंद्रचा जीव धसईच्या कबड्डी संघात अडकलेला. मुरबाडला फायनल होती, म्हणून त्याने बायकोला मोबाइल घेऊन मैदानावर धाडलं आणि स्वतः फोनला कान लावून बसला.

"शिट्टी वाजली गो! काय झालं?"

"आपल्या गड्यानं दोघं मारले!" रत्नप्रभा ओरडली.

पुन्हा शिट्टी. "आता?"

"पकड केली!"

शेवटी धसई जिंकली. महेंद्रने खोलीतल्या सगळ्यांना पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी भावाने सांगितलं, "अवकाळी पावसानं सामना झालाच नाय." रत्नप्रभा घरी कुकर लावून बसली होती.

महेंद्रने तिला फैलावर घेतलं.

"एरवी तुमी पैशे पोचले का विचारून फोन ठेवता," ती म्हणाली. "काल तासभर बोललात. मग सामना कशाला थांबवू?"

महेंद्रला हसू आवरेना.