इनायतुल्लाभाईंची लाल गाठ

राजापेठेत इनायतुल्लाभाईंपेक्षा त्यांचा अंगठा जास्त प्रसिद्ध आहे. माणूस बुटका, दाढी पांढरी, बोलणं मोजकं. पण उजवा अंगठा एसटीच्या सीटपासून वकिलाच्या सोफ्यापर्यंत कुठंही न विचारता घुसणार. दाबायचा, सोडायचा आणि दबलेलं किती वेळात वर येतं ते पाहायचं. गादीवाल्याची खोड, दुसरं काय. मुलाच्या, उसामाच्या लग्नाच्या बोलणीत त्यांनी व्याह्यांच्या दिवाणात अंगठा घातला होता आणि "मुलगी चांगली हाये, गादी बदला" असं तिथल्या तिथं सांगून आले होते. मुलगी, तहरीम, सून होऊन घरात आली. गादीही बदलली गेली, ती अर्थात यांच्याच दुकानातून.

दुकानात एक रीत वडिलांपासूनची. गादी भरून झाली की शेवटची गाठ लाल दोऱ्याची, आतल्या कोपऱ्यात, कोणाला दिसणार नाही अशी. गाठ मारताना पुटपुटायचं, की यावर निजणाऱ्याला गाढ झोप लागो, आणि मग दोरा दातानं तोडायचा. खोळी शिवायच्या बायकोनं, रजियाबींनी, भरायचं आणि गाठ मारायची इनायतुल्लाभाईंनी. चाळीस वर्षांचा संसार या एका वाटणीवर चालला. अमरावतीतली निम्मी माणसं त्या दुआवर घोरतात, असं ते अभिमानानं सांगत.

सहा वर्षांपूर्वी अकोल्याचे श्यामसेठ एक वेगळंच काम घेऊन आले. नारिंगी कापडाचा गठ्ठा, काळे पट्टे, आणि नमुन्यादाखल बोटीत घालायचं एक जॅकेट. दोनशे नग पाहिजे होते. इनायतुल्लाभाईंनी नमुना उसवून पाहिला, तर आत पांढरा, कडक ठोकळा. अंगठा आत जाईना. हा माल मुंबईहून येतो, महाग पडतो, तुमी आपला स्पंजचा चुरा भरा, असं श्यामसेठचं म्हणणं.

शिलाईच्या मशीनवरून रजियाबींनी विचारलं, "पण हे पाण्यात चालल का?"

"भाभी, घालणारा पाण्यात कायले जाईन?" श्यामसेठ म्हणाले. "तो त बोटीत बसते."

सगळं दुकान हसलं. इनायतुल्लाभाईही हसले. त्यांनी तोवर पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे वडाळीचा तलाव, तेही काठावरून, हातात चिवड्याची पुडी धरून. आठ दिवसांत दोनशे जॅकेटं भरून झाली. आत स्पंजचा चुरा, उरलेल्या जागी जुनी रुई. हाताची सवय कुठं जाते? प्रत्येक जॅकेटाच्या काखेत लाल गाठ बसली. दुआही तीच म्हटली गेली, दोनशे वेळा. घालणाऱ्याला गाढ झोप लागो.

नंतर ते हे काम विसरले. लग्नसराई आली, गाद्यांचा ढीग लागला.

यंदा अब्बा-अम्मीच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून पुण्यात नोकरीला असलेल्या उसामानं सगळ्यांना कोकणात नेलं आणि एका दिवसासाठी अख्खी यॉट ठरवली. अख्खी म्हणजे फक्त आपल्या घरच्यांसाठी, सकाळी आठ ते दुपारी चार. राजापेठेत ही बातमी रजियाबींनी इतक्या घरी सांगितली, की निघण्याआधीच चार जणांनी फोटो मागून ठेवले. इनायतुल्लाभाईंनी एकच शंका काढली, की आपल्यापैकी पोहता कोणाले येते. उसामा म्हणाला, अब्बा, यॉट हाये ती, तिच्यात सोफा हाये.

सोफा खरंच होता, पांढराशुभ्र. इनायतुल्लाभाईंनी पाठ टेकवण्याआधी अंगठा टेकवला आणि मान डोलावली. माल पक्का होता. बोट चालवणारा तांडेल, नितेश, तिशीतला, हसतमुख. त्यानं सोफ्याखालचं झाकण उचलून नारिंगी ढीग दाखवला आणि जॅकेटं आहेत, लागली तर घालू, फोटोत बरी दिसत नाहीत, असं म्हणून झाकण परत लावलं. कोणी तिकडं नीट पाहिलंही नाही. बोट खाडीतून निघाली, खाडीच्या तोंडावरची वाळूची दांडी ओलांडून समुद्रात आली. उसामाची सात वर्षांची जेबा डॉल्फिन मोजत बसली. तिला पाच दिसले, बाकीच्यांना दोन. रजियाबींनी डब्यातून शेवभाजी आणि पोळ्या काढल्या. सगळं इतकं छान चाललं होतं, की इनायतुल्लाभाईंना उगाच करमेना.

दोनच्या सुमारास वारा फिरला. नितेशचं हसू आधी कमी झालं, मग गेलं. त्यानं दोनदा घड्याळ पाहिलं आणि बोट वळवली. उसामानं विचारल्यावर त्यानं सांगितलं ते असं, की ओहोटी लागली आहे, खाडीचं पाणी बाहेर धावतंय आणि समोरून वारा आलाय, अशा वेळी त्या वाळूच्या दांडीवर लाटा फुटतात. थांबलो तर भरतीपर्यंत, म्हणजे तीन-चार तास बाहेर हेलकावे खावे लागतील. आता गेलो तर दहा मिनिटांचं काम.

"जॅकेटं घाला सगळे," तो म्हणाला. "जॅकेटं आहेत म्हणून तर जातोय. नाहीतर गेलो नसतो."

झाकण उघडलं. इनायतुल्लाभाईंनी वरचं लहान जॅकेट उचलून जेबाच्या अंगात घातलं. वजन जरा जास्त वाटलं. पट्टा आवळताना त्यांचा अंगठा सवयीनं छातीवर दाबला गेला. दबलं, आणि वर आलं नाही. आतून थोडं पाणी मात्र बोटांवर आलं. मग त्यांनी नातीच्या काखेत हात घातला. तिला गुदगुल्या झाल्या आणि ती हसायला लागली.

गाठ तिथं होती. सहा वर्षांच्या खाऱ्या हवेनं रंग उतरला होता, पण त्यांना रंग बघायची गरज नव्हती.

त्यांनी स्वतःचं अंगात घालता घालता चाचपलं. गाठ. बायकोचं चाचपायला वळले, तर रजियाबींचे दोन्ही हात आधीच जॅकेटाच्या शिवणीवर थांबले होते. त्या नवऱ्याकडे फक्त पाहत राहिल्या, आणि त्या बघण्यात सहा वर्षांपूर्वीचा तोच प्रश्न होता.

पुढं फेसाची पांढरी रेघ दिसत होती. लांबून ती रुईच्या गंजीसारखी दिसे. आवाज मात्र रुईचा नव्हता. बोलायचं तर सगळं बोलावं लागणार होतं, सुनेसमोर, आणि ज्या मुलाला लहानपणापासून मालात खोट नको म्हणून चापटा मारल्या त्याच्यासमोर. आणि गप्प राहायचं तर दहा मिनिटांचं काम. कदाचित काही झालंही नसतं. हा 'कदाचित' त्यांनी मनातल्या मनात दाबून पाहिला. तो वर आला नाही.

त्यांनी स्वतःचं जॅकेट काढलं आणि समुद्रात फेकलं.

तहरीम दचकली. उसामा ओरडणार होता, पण पाहतच राहिला. जॅकेट आधी तरंगलं, चांगलं ऐटीत. मग एका अंगावर कललं, पाणी प्यायला लागलं, पीतच राहिलं. बोट त्याच्यापासून वीस हात लांब जाईपर्यंत नारिंगी ठिपका हिरवा होत होत खाली गेला. नितेशनं इंजिन मंद केलं.

"अब्बा," उसामानं हळूच विचारलं, "तुमाले कसं समजलं?"

"मीच भरले बेटा हे."

जेबानं विचारलं, की दादाजी, मग माझंपण बुडल का? त्यांनी तिचा पट्टा सोडला आणि जॅकेट काढून घेतलं.

नितेशनं बोट बाहेर वळवली. ते साडेतीन तास हेलकावत राहिले. पांढऱ्या सोफ्यावर सगळ्यांना उलट्या झाल्या. चार वेळा लाट आत आली. ओली जॅकेटं मधोमध पडून होती आणि कोणी त्यांना पाय लागू देत नव्हतं. सूर्य बुडताना भरती चढली आणि बोट खाडीत शिरली. धक्क्यावर उतरताना तहरीमनं जेबाला सासऱ्यांच्या कडेवरून घेतलं. हळूच घेतलं, पण घेतलं.

अमरावतीला आल्यावर त्यांनी श्यामसेठला फोन करून बाकीचे नग कुठं गेले ते विचारलं. श्यामसेठ म्हणाले, "इनायतुल्लाभाई, सहा वर्षं झाले. कोकणात गेले, धरणावर गेले, आता कोण ध्यान ठेवते? आतापावतर काही झालं का? मंग?"

तेव्हापासून दुकान आठवड्यातून चारच दिवस उघडं असतं. उरलेल्या दिवशी हा माणूस पांढऱ्या ठोकळ्यांची नवी जॅकेटं पोत्यात बांधून निघतो. जिथं बोट चालते म्हणून कानावर येईल, त्या तलावावर, त्या धरणावर जातो, काखेत हात घालून पाहतो, गाठ सापडली की तिथंच कात्रीनं फाडतो आणि बदल्यात नवं देतो. लोक आधी वेड्यात काढतात, मग हातातून निथळणारं पाणी पाहून बाकीची जॅकेटं स्वतःच पुढं करतात. यॉटवरची धरून आजवर एकाहत्तर सापडली. रजियाबी सोबत असतात. मोजायचं काम त्यांच्याकडे.

मागच्या रविवारी ते परतवाड्याच्या पलीकडं एका धरणावर पोचले, तर बोट नुकतीच काठावरून सुटली होती. बोटीत एक बाई आपल्या लेकीला नारिंगी जॅकेट घालत होती, पट्टा आवळत होती, मायेनं, अगदी घट्ट. इनायतुल्लाभाईंनी पोतं टाकलं आणि दोन्ही हात वर करून हाका मारल्या. मोटरच्या आवाजात काही ऐकू गेलं नसावं.

त्या दोघींनी हसून हात हलवले. बोट मोठ्या पाण्याकडं गेली. इनायतुल्लाभाई काठावरच्या दगडावर बसले आणि त्यांचा अंगठा तो दगड दाबत राहिला.