चीनच्या पाहुण्या आणि आमची फळी

शाळेचं तोंड मी पाहिलं नाही, पण जगातल्या लढाया मला पाठ होत्या. त्याही उलटसुलट. आधी शेवट कळायचा, मग सुरुवात, आणि मधलं कधी मिळायचं, कधी नाही. कारण माझं सगळं वाचन झालं ते रद्दीवर.

लग्न होऊन मी पनवेलात आले तेव्हा मोठं युद्ध चालू होतं. आमच्या आळीत घरोघरी बायका कागदाच्या पिशव्या करायच्या. किराणा दुकानदार रद्दीचे गठ्ठे आणून टाकायचा. आम्ही पिठाची खळ शिजवायची, कागद घडी करून चिकटवायचा आणि ओसरीवर वाळत ठेवायचा. सासूबाईंचा हात भराभर चालायचा. माझा मात्र मध्येच थांबायचा, कारण त्या काळ्या अक्षरांत काय लिहिलंय याची मला भारी उत्सुकता. मग मी एक युक्ती केली. बाजारातल्या दुकानांच्या पाट्यांवर काय लिहिलंय ते यांना विचारून घ्यायचं, अक्षराचं वळण डोक्यात ठेवायचं, आणि घरी येऊन तेच अक्षर रद्दीत हुडकायचं. असं करत करत दोन-अडीच वर्षांत मला मथळे वाचता यायला लागले. मग बारीक अक्षरही.

पण रद्दी काही क्रमानं येत नाही. सकाळी हाती आलेल्या कागदावर रशिया आणि जर्मनी यांचा करार झालेला असायचा, आणि दुपारच्या कागदावर तेच दोघं एकमेकांच्या उरावर बसलेले. जपानला मी वैरी म्हणून किती पिशव्यांत चिकटवलं असेल, आणि पुढे पाहते तर त्याच जपानशी अमेरिकेचं गूळपीठ. रशिया-अमेरिकेचं तर विचारूच नका. दोघांची रंगीत मासिकं रद्दीत यायची, गुळगुळीत, चकचकीत कागदाची. शेतकरी हसतोय, ट्रॅक्टर हसतोय, गाईसुद्धा हसतायत. पण त्या कागदाला खळ धरायची नाही. रशियाचा असो की अमेरिकेचा, पिशवी म्हणून दोघंही निकामी. मुलांच्या पुस्तकांना कव्हर घालायला मात्र बरे पडायचे.

आमच्याकडे करंजाहून एक मावशी मासे घेऊन यायची. पाटी उतरवली की ती माझ्या ओसरीवर टेकायची आणि म्हणायची, “वाच गो काय तरी.” तिचा भाऊ बोटीवर खलाशी होता. एक दिवस मी मोठ्या ऐटीत वाचलं, कोरियाकडे लढाई पेटली, बोटींना धोका. तिचा भाऊ त्याच आठवड्यात जपानच्या बाजूला निघालेला. ती जी रडायला लागली ती थांबेना. पाटीतल्या बोंबलांवर मांजर बसलं तरी तिला शुद्ध नाही. शेवटी हे जेवायला घरी आले, त्यांनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाले, “अगं, हा चार वर्षांपूर्वीचा आहे. ती लढाई थांबून कितीतरी महिने झाले.”

मावशीनं डोळे पुसले, मांजराला हाकललं आणि मला म्हणाली, “पुढच्या टायमाला आधी तारीख बग, मंग मला रडव.”

तेव्हापासून कागद हातात आला की माझी नजर आधी वरच्या तारखेवर जाते. ती सवय आजही गेलेली नाही.

आता खरी गोष्ट सांगते. आमच्या आळीत एक नर्सबाई राहायच्या. दवाखान्यातली नोकरी सोडून घरोघरी बाळंतपणं करायच्या. माझी दोन्ही मुलं त्यांच्याच हातची. चीनचं युद्ध होऊन गेल्यावर नगरपालिकेची जी निवडणूक आली, तिला त्या आमच्या वॉर्डातून उभ्या राहिल्या. का, तर आमच्या भागात गटारं उघडी आणि नळाला पाणी नाही, आणि दर पावसाळ्यात बाळंतिणी तापानं फणफणतात. समोर होते भाताच्या गिरणीचे शेठ. आमचे हे त्याच शेठच्या गिरणीत कामाला, हेही इथंच सांगून ठेवते.

प्रचार चांगला रंगला होता. आणि एका सकाळी घरोघरी एक पत्रक पडलं. त्यावर फोटो होता. आमच्या नर्सबाई हसत एका चिनी बाईच्या गळ्यात हार घालतायत. खाली मजकूर असा की, आपले जवान सीमेवर रक्त सांडत होते तेव्हा ही बाई शत्रूच्या पाहुण्यांना हार घालत होती. हिच्या निवडणुकीला बळ कुठून येतं हे ओळखा. परकीयांना पनवेलात शिरू देऊ नका.

कुठल्या कुठल्या देशांत मोठे देश आपली माणसं निवडून आणतात, हे मी रद्दीत वाचलं होतं. पण चीनच्या पेकिंगला आमच्या आळीच्या गटारात काय रस असणार, हे मला काही केल्या उमजेना. लोकांना मात्र पटलं. युद्धाची जखम ओली होती. गावातली पोरं फौजेत गेली होती, बायकांनी अंगावरचं सोनं काढून दिलं होतं. राग कुठंतरी काढायचाच होता, आणि समोर छापील फोटो.

दोन दिवसांनी नर्सबाई माझ्या ओसरीवर येऊन बसल्या. मावशीही होती. नर्सबाई म्हणाल्या, “मी बसते घरी. त्या शेठना म्हणावं, घ्या खुर्ची.”

मी म्हटलं, “अहो, आता आठ दिवस राहिले मतदानाला. लोकांची मतं अशी एका कागदानं…”

“मतांचं सोड गं. सुतारांकडून निरोप आलाय.” बैलगाडीची चाकं करणारं ते घर, पलीकडच्या गल्लीतलं. त्यांची सून दिवसांत होती आणि पहिल्या महिन्यापासून तिला नर्सबाईच बघत होत्या. “सासू म्हणते, तुम्ही येऊ नका. आमच्या सुनेला हात लावू नका. वीस वर्षं या गावात पोरं हातावर झेलली मी. आता हातच नको म्हणतात. मग मी राहू कशाला इथं?”

त्यांचा आवाज कधी असा ऐकला नव्हता. मी आपली पत्रक पुन्हा वाचत बसले, जणू त्यातच उत्तर छापलंय.

मावशीला अक्षर येत नव्हतं. तिनं माझ्या हातातलं पत्रक ओढून घेतलं आणि नुसता फोटो बघत राहिली. मग म्हणाली, “तू वाचतच ऱ्हा. मला सांग, या हाराचं ह्ये टोक कोनी धरलंय? वाऱ्यानं?”

मी पाहिलं. खरंच की. हार मोठा होता. एक टोक नर्सबाईंच्या हातात, दुसरं फोटोच्या कडेला अधांतरी. तिथं फोटोच कापलेला.

आणि मला तो दिवस आठवला. युद्धाच्या कितीतरी आधीचा. तेव्हा चीन आपला भाऊ होता. चिनी डॉक्टरांची एक तुकडी पुण्याला जाताना अर्धा तास पनवेलात थांबणार होती, सगळा गाव नाक्यावर लोटला होता. पाहुण्यांत एक बाई होत्या म्हणून हार घालायला नर्सबाईंना पुढे केलं. पण एवढा मोठा हार एकट्या बाईनं कसा घालावा, म्हणून दुसरं टोक धरायला शेठ पुढे आले. हारही त्यांनीच आणलेला. नर्सबाईंना हे ठाऊक होतं, पण छापील फोटोपुढं नुसतं तोंडी सांगणं कोण ऐकणार? मी गर्दीत टाचा उंच करून उभी होते, मला लोकांच्या टोप्यांशिवाय काही दिसलं नाही. फोटो मी पाहिला तो नंतर, गावातल्या साप्ताहिकात. आणि ते साप्ताहिक रद्दीत माझ्याकडे आलं तेव्हा त्याची पिशवी करायला मन होईना. नर्सबाईंचा फोटो, असा कसा चिकटवायचा. म्हणून मी तो कागद स्वयंपाकघरात फडताळाच्या फळीवर अंथरला होता.

आम्ही तिघी आत धावलो. हळदीचा डबा काढला, तिखटाचा काढला, डाळी काढल्या, शेवटी तेलाचा डबा. कागद होता. पिवळा पडलेला, पण अख्खा. नर्सबाई होत्या, चिनी बाई होती आणि हाराचं दुसरं टोक धरून, दात दाखवत, शेठ होते. तेलाच्या डब्याचं गोल वळं नेमकं त्यांच्या डोक्याभोवती उमटलं होतं, देवाच्या मागं प्रभावळ असते तसं.

मी आधी तारीख पाहिली. युद्धाच्या सहा-सात वर्षं आधीची.

कागद उचलायला गेले तर कोपरा फाटला. इतक्या वर्षांच्या तेलानं तो फळीला असा बसला होता की सोडवायचा म्हणजे चिंधड्याच. तेवढ्यात हे जेवायला आले. मी दार अडवून उभी राहिले. फळीवर त्यांचा मालक होता, आणि त्या गिरणीवर आमचं घर चालत होतं. सगळं सांगून झाल्यावर ते तांब्याभर पाणी प्यायले, फळीपाशी गेले, वाकून पाहिलं.

“दोनच खिळे आहेत,” ते म्हणाले. “पक्कड कुठंय?”

“अहो, गिरणी…”

“पनवेलात गिरणी काय एक आहे? फळीसकट नेऊ. आणि शेठना कशाला वाईट वाटेल, चांगलं देवासारखं रूप दिलंयस तू त्यांना.”

त्याच दिवशी उन्हं कलताना तळ्याकाठी शेठची सभा होती. आम्ही आळीतून निघालो. हे खांद्यावर फळी घेऊन, त्यांच्यामागं मी, माझ्यामागं नर्सबाई, आणि सगळ्यांच्या पुढं मावशी, डोक्यावर रिकामी पाटी, गर्दी बाजूला सारत: “सरा बाजूला, चीन येतंय.” लोक आधी हसले, मग मागोमाग यायला लागले. हळदीचा वास सुटला होता.

शेठचं भाषण चाललं होतं. बाहेरच्यांची ढवळाढवळ खपवून घेणार नाही, वगैरे. यांनी फळी मंचाच्या कडेला उभी केली. शेठनी आपल्या गिरणीतला माणूस ओळखला आणि थांबले.

“हे काय?”

“फळी आहे शेठ,” हे म्हणाले. “आमची बायको वाचून दाखवील.”

चार बायकांपलीकडे मी कधी कुणापुढं वाचलं नव्हतं. पण अक्षरं ओळखीची होती. आधी मी तारीख वाचली, मोठ्यानं. मग फोटोखालची ओळ. त्यात नर्सबाईंचं नाव होतं, आणि पुढं शेठचं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. ते नाव मी अख्खं वाचलं. मग मावशीनं पत्रक फळीवर फोटोशेजारी धरलं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनाही दिसलं, कात्री कुठून फिरली ते.

पुढच्या रांगेतून कुणीतरी फुसकन हसलं. मग हसू मागं मागं गेलं, तळ्याच्या पायऱ्यांपर्यंत.

शेठ म्हणाले, “अहो, तेव्हा काळच तसा होता. सरकारनंच पाहुणे म्हणून आणले होते.”

“मंग त्यो टाईम तुमचा एकट्याचा व्हता?” मावशी म्हणाली. “नर्सबाईचा नवता?”

माझ्या तोंडून मग आपोआपच निघालं. मी म्हटलं, “शेठ, हार घातलात यात तुमची चूक नव्हती. नर्सबाईंचीही नव्हती. मी एवढी वर्षं रद्दी चिकटवते, देशांची दोस्ती किती वेळा फिरते ते मला ठाऊक आहे. चीननं दगा दिला तो आपल्या सगळ्यांना दिला. पण हार दोघांनी घातला आणि कापलं एकालाच, हे काही चीननं केलेलं नाही.”

शेठ खाली बसले. सभा तिथंच संपली असं कुणी म्हणालं नाही, पण ती संपली. फळी पिंपळाला टेकवून ठेवली आणि लोक रांगेनं येऊन बघायला लागले. अंधार पडेपर्यंत रांग होती. दुसऱ्या दिवशी ती बाजारात फिरली, तिसऱ्या दिवशी कोळीवाड्यात. माझे डबे आठ दिवस जमिनीवर होते, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

यांना शेठनी काढलं नाही, बोललेही नाहीत. महिन्याभरानं यांनी स्वतःच दुसरी गिरणी धरली.

मोजणीच्या दिवशी नगरपालिकेसमोर आमच्या आळीतल्या सगळ्या बायका होत्या. नर्सबाई निवडून आल्या, आणि काठावर नाही, चांगल्या दणक्यात. ताशा सुरू झाला, गुलाल उडाला. मावशीनं माशांच्या पाटीतून गुलाल आणला होता, त्यामुळे आम्ही सगळ्याच थोड्या थोड्या बोंबलांच्या वासाच्या झालो. भरदुपारी बाजारातून मिरवणूक निघाली. मी नर्सबाईंच्या शेजारी चालत होते.

मिरवणूक सुतारांच्या गल्लीच्या तोंडाशी आली आणि थांबली. समोर सुतारांची सासू उभी होती, डोक्यावरचा पदरही घसरलेला. तिनं कुणाकडं पाहिलं नाही. सरळ नर्सबाईंचा हात धरला.

“सकाळपासून अडलीये,” ती म्हणाली. “तुमचंच नाव घेतेय. मला काय बोलायचं ते मागनं बोला.”

नर्सबाई तडक तिच्याबरोबर निघाल्या. विहिरीवर जाऊन त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले, नखांतला गुलाल काढला, पुन्हा साबण लावून धुतले, आणि आत गेल्या. ताशेवाल्यांनी ताशे खाली ठेवले. अख्खी मिरवणूक गल्लीत उकिडवी बसली, अर्धवट केलेल्या चाकांच्या मध्ये, भिंतींच्या सावलीला. अर्धा तास गेला, पाऊण गेला.

मग आतून रडणं ऐकू आलं, बारीक, पण खणखणीत.

थोड्या वेळानं सासू बाहेर आली. डोळे पुसले, पदर नीट घेतला आणि ताशेवाल्यांना म्हणाली, “आता वाजवा. आमच्या दारातच वाजवा, सगळ्या गावाला कळू दे आत कोण आहे ते.”