चाचांचा डाग

नंदुरबारच्या बसस्टँडमागे चाचांचं रिपेरिंगचं दुकान आहे. हात थरथरायला लागल्यापासून जो तो त्यांना सांगतो, आता बंद करा. चाचा ऐकून घेतात आणि सोल्डरिंग गन तापत ठेवतात.

मी त्यांच्याकडे हौसेने डाग द्यायला, म्हणजे सोल्डरिंग करायला शिकतो. पहिल्याच दिवशी मी बोर्डच्या तांब्याच्या पट्टीला तार जोडली आणि गार व्हावी म्हणून फुंकर मारली. ते खेकसले, "फुकू नको! च्या नही शे तो!"

परवा धानोऱ्याचा एकजण मोटरच्या स्टार्टरचा बोर्ड घेऊन आला. त्याची एक तार उपटली होती. चाचांचा हात बघून तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या चाचा, मी सुरतले दाखाडी लेस."

चाचांनी बोर्ड सोडलाच नाही. ब्लेडने पट्टी खरवडून तांबं उघडं केलं, तार चिकटपट्टीने जागेवर बसवली, मनगट टेबलावर दाबलं आणि डाग दिला. मी मदतीला पुढे केलेला हात त्यांनी कोपराने ढकलला.

मग तारेचं टोक गिऱ्हाइकापुढे धरलं. "ओढ."

त्याने ओढली. तार सुटली नाही. तरी त्याची नजर चाचांच्या हातावरच.

"हात हालस," चाचा म्हणाले. "मी नही हालत."