जेवणानंतरची गोळी

माझे वडील भिक्षुकी करीत. पूजा सांगताना जसे सारे शब्दशः पाळायचे, तसेच औषधाच्या बाबतीतही पाळायचे, असा त्यांचा स्वभाव होता. साठीनंतर बोटांचे सांधे सुजून त्यांना पळीसुद्धा धरवेनाशी झाली, तेव्हा अकोल्याच्या एका डॉक्टरांनी त्यांना स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. त्या काळी हे औषध आमच्याकडे नवेच होते. मात्रा उतरवत उतरवत डॉक्टरांनी ती रोजच्या एका लहानशा पांढऱ्या गोळीवर आणून ठेवली आणि बजावले की ही रिकाम्या पोटी घ्यायची नाही, जेवणानंतरच घ्यायची. वडिलांनी ही आज्ञा कधी मोडली नाही.

त्या हिवाळ्यात त्यांना खोकला होऊन ताप चढला. तापावर आमच्या घरचा पहिला उपाय म्हणजे लंघन. सुंठेचे पाणी तेवढे चाले. सकाळी शाळेत शिकवायला निघण्यापूर्वी मी गोळी पुढे केली, तर वडिलांनी हात मागे घेतला.

"जेवलो नाही त गोळी कशी घेऊ, बाई?"

आईनेही त्यांचीच बाजू घेतली. ती गोळी सांध्यांची, तापाशी तिचा काय संबंध, सांधे दुखले तर पाहू, असे तिचे म्हणणे. मला त्यात काही खोट दिसली नाही. एवढ्याशा गोळीने काय व्हायचे होते!

गल्लीतले डॉक्टर रोज येऊन पेनिसिलिनची सुई टोचून जात. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि आईने देवापुढे साखर ठेवली. परंतु ताप गेला तरी वडील सावरेनात. उलट खचतच चालले. उठवून बसवले की डोळ्यांपुढे अंधारी येई. सुंठेचे पाणीही पोटात ठरेना, लघवीही कमी झाली होती. हातपाय गार पडले होते, आणि मी कोणत्या यत्तेला शिकवते, हे त्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारले. दुपारी डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, पट्टा सोडला, परत बांधून पुन्हा पाहिला. छाती बरीच मोकळी आहे, ताप नाही, मग हे असे का, हे त्यांना उमगेना. आणखी काही औषध चालू आहे का, असे त्यांनी विचारले.

"काई नाही," आई म्हणाली. "तापात सारं बंदच केलं."

मोठ्यांच्या बोलण्यात पडण्याची मला सवय नव्हती. तरीही सकाळची एक गोळी होती, एवढे मी सांगितले. डॉक्टरांनी बाटली मागवून घेतली आणि तिच्यावरचे नाव वाचले. या औषधाचा आपल्याला फारसा अनुभव नाही, हे त्यांनी मोकळेपणी कबूल केले; पण संशय मात्र त्यांना आला होता. त्यांनी मला तारघरात जाऊन अकोल्याला ट्रंक कॉल लावायला सांगितले आणि स्वतः वडिलांपाशी थांबले.

तारघरातल्या बाकावर माणसे आपापल्या कॉलची वाट पाहत बसली होती. माझा कॉल लागला, परंतु पलीकडून नुसते "कोण? कोण?" ऐकू येत होते. उलटीची, लघवीची गोष्ट इतक्या परक्या पुरुषांदेखत सांगायची, या संकोचाने मी हळूच बोलत राहिले. बाकावरचे एक वयस्कर शेतकरी म्हणाले, "इतकं हळू बोलाचं होतं त फोन काहून लावला बाई? चिठ्ठीच टाकाची होती." लोक हसले. मग त्यांनीच सर्वांना गप्प केले. मी भिंतीकडे तोंड केले आणि ओरडून सांगितले, "लंघन चालू आहे. जेवले नाहीत, म्हणून गोळी दिली नाही."

हे मात्र पलीकडे ऐकू गेले. मग अकोल्याचे डॉक्टर एकेक वाक्य तोडून बोलू लागले. गोळीच्या आकारावर जाऊ नका. इतके दिवस हे द्रव्य बाहेरून मिळत असल्यामुळे शरीराने ते स्वतः तयार करणे सोडून दिले आहे, आणि आजारात तर त्याची गरज वाढते. तापात गोळी थांबवायची नाही, दुप्पट करायची. पोटात ठरत नसेल तर सुईतून द्यायची, आणि आता वेळ घालवायचा नाही. सुईचे नाव त्यांनी माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतले.

बाहेर येऊन मी सायकल रिक्षा केली. पहिल्या दुकानात ते औषध नव्हते. दुसऱ्या दुकानदाराला नाव ठाऊक होते, औषध संपले होते. मोठ्या दवाखान्याजवळच्या दुकानात ते मिळाले, तेव्हा सायकल रिक्षावाल्याने मला न विचारताच रिक्षा घराकडे वळवली.

डॉक्टरांनी शिरेत सुई दिली, सलाईनची बाटली कंदिलाच्या खुंटीला टांगली आणि नाडीवरचे बोट काढले नाही. आई पायाशी बसून वडिलांचे तळवे चोळत होती. कितीतरी वेळाने ती म्हणाली, "पाय ऊन लागून राहिले." डॉक्टरांनी पुन्हा पट्टा बांधला, पाहिले, आणि प्रथमच खुर्चीला टेकून बसले.

दुसऱ्या दिवशी आईने मऊ भात कालवून आणला. वडिलांनी चार घास खाल्ले, पाणी प्यायले आणि तळहात पुढे केला. मी त्यावर दोन गोळ्या ठेवल्या. त्यांनी एक परत दिली.

"एक सांगतली होती."

"आजारपणात दोन. बरे वाटले की डॉक्टर सांगतील तशी पुन्हा एक. आणि जेवण नसले तरी चुकवायची नाही."

"कोनं सांगतलं?"

"अकोल्याच्या डॉक्टरांनी. मी काल फोनवर विचारले."

त्यांनी आईकडे पाहिले. आईने मान डोलावली. त्यांनी परत दिलेली गोळी माझ्या हातातून उचलली आणि दोन्ही एकदमच गिळल्या.