बिना फोडनीचं वरन

माझे मामा हॉटेलवाले. मूल गावाकडे जानाऱ्या रोडवर त्याइचं हॉटेल आहे, खाली जेवन, वरते लॉज. सुरुवात मात्र पोह्याच्या हातगाडीपासून झाली. थे गाडी अजूनबी मागच्या आंगनात आहे, तिच्यावर कोंबड्या बसतेत. आमी ख्रिस्ती. मामा रोज सकाळी भट्टीसमोर डोळे मिटून प्रार्थना करतेत, पन नाक उघडंच राह्यते. "आमेन, कांदा जळून राह्यला," हे एका दमात.

कॉलेज झाल्यावर मले गल्ल्यावर बसवलं, म्हनून पुढचं सारं मी डोळ्यानं पाह्यलं.

मामाचा एक हट्ट आहे. देवाच्या नावानं दिलं त देनाराचं नाव दिसलं नाई पायजे, दिसलं त थे दान नाई, जाहिरात. रोज संध्याकाळी सरकारी दवाखान्यात, पेशंटसोबत आलेल्या लोकांसाठी आमच्याकडून वरन-भाताचे गंज, मोठाले पातेले, जातेत. गंजावर नाव नाई, ऑटोवाल्याले शपथ घातलेली.

पन वरनाचं काय करता? आमच्या वरनाले जवसाच्या तेलात लसनाची फोडनी राह्यते. झाकन उघडलं की वासच सांगते कोनाचं आहे थे. एक दिवस दवाखान्यात जेवलेला, चामोर्शीकडचा एक म्हातारा आला अन् भर गिऱ्हाइकात मामाच्या पाया पडला. मामा असे लाजले, जसे चोरी करताना सापडले.

"आजपासून दवाखान्याच्या वरनाले फोडनी नाई," मामानं जाहीर केलं.

आमची रांधनारी बाई मामापेक्षा मोठी, कोनाले भीत नाई. "काऊन? बिमार लोकाइनं काय पाप केलं?"

"बाई, वासानं नाव समजते."

"मंग तुमचं नाव लपवा. वरनाचा काऊन जीव घेता?"

पन मामा आयकतेत कुठी. फिक्कं वरन गेलं.

अन् मजा इथूनच सुरू झाली. तसं फिक्कं वरन गावात एकाच जागी भेटते, आमच्या समोरच्या हॉटेलात. लोकाइनं ठरवूनच टाकलं की दवाखान्यात जेवन देनारे समोरचे शेठ. शेठ पहिले नाई नाई म्हनले. लोक म्हनले, पाहा, किती साधा मानूस. मंग शेठनं नाई म्हननंच सोडलं. बाजार चौकात त्याइचा सत्कार ठेवला, शाल-श्रीफळ, भाषनं, सारं. पहिल्या रांगेत मामा, बाजूले मी.

मी मामाच्या कानात म्हनलं, "सांगू का माइकवर जाऊन?"

"चूप बस. टाळ्या वाजव."

स्वतः मनापासून वाजवत होते. तेवढ्यात मागून एक जन बोलला, "मानूस दिलदार आहे, पन वरन कुत्रंबी खानार नाई."

मामाच्या टाळ्या थांबल्या. घरी येईपर्यंत खाली पाहून भराभर चालत राह्यले. मले वाटलं, मनात प्रार्थना चालू आहे. दाराशी आल्यावर रांधनाऱ्या बाईले म्हनले, "उद्यापासून फोडनी द्या. माझं नाव लपवाच्या नादात मी त्या लोकाइचं तोंड बेचव केलं."

"अन् तुमाले ओळखलं त?" मी म्हनलं.

"त पडू दे पाया. सहन करीन."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गंजासोबत गेली. झाकन उघडलं, वास सुटला. एक बाई घास खाऊन शेजारनीले म्हनली, "शेठनं आपल्या समोरच्या हॉटेलातून वरन शिकून घेतलं वाटते."

मी ऑटोत बसून पोट धरून हसली. मामाले सांगितलं त थे वरते पाहून म्हनले, "पाह्यलं? त्याले सारी सोय करता येते."

रविवारी आमचं हॉटेल बंद राह्यते अन् बाईले सुटी. म्हनून चर्चमधून आल्यावर दवाखान्याचं वरन मामा अन् मीच रांधतो. त्या रविवारी समोरचे शेठ मागच्या दारानं आले, काखेत शाल.

"भाऊ, हे तुमची. मी देत नाई हे त मले मालूम होतं. आज बंद हॉटेलातून फोडनीचा वास आला तवा कोन देते थेबी समजलं."

"मले नको. गरमी होते," मामा म्हनले.

शेठनं गंजाचं झाकन उचलून वास घेतला. "मंग रविवारचं मी पाठवत जाईन."

"पाठवा. पन कोनाले सांगू नका."

"काय सांगू भाऊ? साऱ्याइले वाटते मीच देतो."

मामानं जवसाच्या तेलाची बाटली त्याइच्या हातात ठेवली. "लसून जास्त घालजा."

शेठ शाल मागच्या हातगाडीवरच ठेवून गेले. आता कोंबड्या तिच्यावर बसतेत.